मायच्या हातांचा नवस

पोखर्णी,
ता. ९ फेब्रुवारी १९५८

प्रिय कासा,

अक्काचे तुला आणि तुझ्या पोटातल्या पाहुण्याला पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. आठवा लागला, चार पावलं चालले की धाप लागते, चिंचेचा गोळा उशाशी घेऊन झोपते, आणि शिवरात्रीच्या सुमारास लिंबाजीराव तुला बाळंतपणाला पेडगावला मायकडं पोचवणार, एवढं सगळं तू लिहिलंस. मी दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोन्ही वेळा चार ओळींवर कागद फाडला. आज तिसऱ्यांदा बसले आहे. आज पुरं केल्याशिवाय उठायचं नाही, कारण तू पेडगावची मोटार धरायच्या आत हे पत्र पालमला तुझ्या हातात पडलंच पाहिजे. का ते शेवटी सांगते. आताच कागद उलटून शेवट वाचू नकोस. गुरुजी नवा धडा काढायला सांगायचे तेव्हा तू आधी त्याचं शेवटचं पान बघायचीस, मी विसरलेले नाही.

आधी माझी बातमी. संक्रांतीनंतर परभणीला माझं ऑपरेशन झालं. घाबरून चिंच गिळू नकोस. मी धडधाकट आहे, ओसरीवर बसून लिहिते आहे, आणि शेजारी सासूबाई हुरड्याची कणसं निवडताहेत. पोट फाडलं नाही, टाका घातला नाही, दुसऱ्या दिवशी उठून मी माझ्या पायांनी मोरीपर्यंत गेले. पिशवीचं तोंड बंद झालं होतं ते उघडलं आणि आतून पिशवी साफ केली, एवढंच. एवढंच म्हणते खरी, पण महिना होत आला तरी माझं मन अजून त्या खोलीतून बाहेर आलेलं नाही. मायला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं आम्ही परभणीला लग्नाला गेलो होतो. तूही तसंच वाटू दे.

माझी सहा वर्षं कशी गेली हे तुला सांगायला नको. दर महिन्याला बाहेर बसले की पहिले दोन दिवस मी जमिनीवर गडाबडा लोळायचे. वाकळेचा कोपरा दातात धरून धरून त्याला भोकं पडली. आणि एवढं दुखून दिसायचं काय, तर चार डाग. बायका म्हणायच्या, दुखणारीलाच लेकरू होतं, तू धीर धर. मी धीर धरला. गेल्या दिवाळीत तुझ्या दाजींच्या चुलत्यांनी दुसऱ्या सोयरिकीची गोष्ट काढली, तीही सगळ्यांसमोर, मी भाकरी थापत असताना. दुसरी बायको करायला आता कायद्यानं बंदी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. दाजी मान खाली घालून बसले. तेव्हा सासूबाई, ज्या माझ्याशी दिवसाला दहा शब्द बोलत नाहीत, तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, ‘‘कळपात मेंढी गाभण राहीना झाली तर आधी एडका बदलून बघत्यात. मंग माणसातच उलटं कामून?’’ चुलते जेवायचे थांबले आणि हात धुऊन गेले. त्या दिवसापासून मला सासूबाईंची भीती वाटेनाशी झाली. चार दिवसांनी त्यांनीच दाजींना सांगितलं, दोघं जाऊन दवाखान्यात दाखवून या.

तिथं कमलबाई म्हणून डॉक्टरीणबाई आहेत. हैदराबादेत शिकल्या, त्यामुळं मराठी बोलता बोलता मधेच ‘‘डरू नको गं, कायकू डरती’’ असं म्हणतात. गंमत म्हणजे त्यांनीही सासूबाईंसारखंच केलं, आधी दाजींनाच बाटली दिली. काठी घेऊन लांडग्याच्या मागं धावणारा तुझा दाजी, कासा, ती एवढीशी बाटली उपरण्यात गुंडाळून, जसं काही चोरीचं सोनं नेतोय, असा भिंतीकडेनं गेला. काचेतून बघून बाईंनी सांगितलं, यांच्यात काही कमी नाही. ते ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि माझा टांगणीला लागला. आता उरले मीच.

मला उंच टेबलावर घेतलं. लाज वाटायची ती वाटलीच, ते लिहीत नाही. पण तपासून झाल्यावर कमलबाईंनी मला शेजारी बसवलं आणि कागदाच्या पाठीमागं पेन्सिलीनं चित्र काढून दाखवलं. ही पिशवी, तुझ्या मुठीएवढी, उलट्या पेरूसारखी. हा खालचा देठ, हे देठाचं तोंड. मी न राहवून विचारलं, मेंढीच्या पिशवीला तर दोन शिंगं असतात, बाईला ती का नाहीत? त्यांची पेन्सिल थांबली. हे तुला कुणी शिकवलं, म्हणाल्या. मी म्हटलं, मायनं. आणि तिथं, त्या फिनेलच्या वासात, मला दुधना नदीच्या काठचा आपला मेंढरांचा वाडा दिसला. तू आठ-नऊ वर्षांची होतीस. मोरी नावाची मेंढी अडली होती, दोन पाय बाहेर आणि डोकं आत मागं मुरडलेलं. आबा म्हणाले, गेली ही. मायनं कोपरापर्यंत करडीचं तेल चोपडलं, डोळे मिटले आणि हात आत घातला. मी विचारलं, माय, डोळे का मिटलेस? ती म्हणाली, ‘‘आत हाताला दिसतंय, डोळ्याचं काय काम.’’ किती वेळ ती तशी बसली कोण जाणे. मग कोकरू बाहेर आलं आणि तुझ्या परकराला चिकटलं. मायच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी इथल्या नरसिंहाच्या गाभाऱ्यापुढं उभ्या बायकांच्याच तोंडावर पाहिलं आहे. मी हे सगळं कमलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या मायचे हात मला बघायचे आहेत.

मग त्यांनी माझं दुखणं सांगितलं. त्या देठाच्या तोंडाला जुना वण आहे. वण आकसला आणि वाट बुजत आली, आता राईचा दाणा जाईल एवढीच उरली. महिन्याचं रक्त त्यातून थेंब थेंब झिरपतं, म्हणून कळा. आणि बाहेरून आत जायला तर मार्गच नाही, मग गर्भ राहणार कसा? सहा वर्षं मी नशिबाला बोल लावला, सटवाईला लावला, कुणाच्या तरी नजरेला लावला. आणि सगळं अडलं होतं ते राईएवढ्या जागेपाशी. वण कशाचा, असंही त्यांनी विचारलं. मी काय उत्तर दिलं ते पुढं लिहिते.

ऑपरेशनच्या दिवशी दगडाबाई नावाच्या आयानं माझी पोत काढून फडक्याच्या गाठीत बांधली आणि ती गाठ दाजींच्या हातात दिली. आत नेलं. नाकातोंडावर जाळीची वाटी, वर फडकं, आणि त्यावर गोडसर, उग्र वासाचं औषध थेंब थेंब. आकडे मोज, म्हणाले. आकडे कुठले सुचतात! आबा दिवेलागणीला वाड्याच्या तोंडाशी उभे राहून मेंढ्या नावानं मोजून आत घ्यायचे, तशी मी मोजायला लागले. चांदी आली, मोरी आली, काळतोंडी आली, भुरी आली, लंगडी आली. दगडाबाई नंतर सांगत होती की नवव्या मेंढीला माझी वाचा बंद झाली, आणि डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, आता सगळा कळप आत गेला, लावा कवाड.

आणि लगेच जाग आली. म्हणजे मला लगेच वाटलं. झोपेत निदान स्वप्न असतं, कूस बदललेली कळते. इथं मधे काहीच नव्हतं. तेवढा वेळ मी कुठंच नव्हते, कासा. आणि मी नव्हते तेवढ्यात एक परकी बाई, जिचं माझं नातं ना गोतं, माझ्या शरीरात जिथं मी स्वतः कधी पोचले नाही तिथं जाऊन, बंद दार उघडून परत आली होती. मी खूप रडले. दगडाबाईला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं गं, मला फक्त नवल सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टच धरला की काय वापरलं ते मला दाखवा. कमलबाईंनी दाखवलं. एका ताटात चकचकीत सळया ओळीनं ठेवलेल्या. पहिली सुईपेक्षा थोडी जाड, मग जराशी जाड, मग आणखी जराशी, शेवटची बोटाएवढी. एक घालायची, थांबायचं, काढायची, मग दुसरी. जोर लावायचा नाही. कासार लहान बांगडी चढवताना हात दाबत दाबत वाट बघतो ना, तसंच धीराचं काम. ताटाशेजारी उकळून वाळवलेल्या जाळीदार कापडाच्या घड्या होत्या. आतून रक्त जाऊ नये म्हणून त्याचाच बोळा ठेवला होता, तो त्यांनी सकाळी काढला. तो पांढरा बोळा बघितला आणि मी तोंड फिरवलं. का, ते आता लिहायची वेळ आली आहे. पण त्याआधी गेल्या आठवड्याची गोष्ट सांगते, नाहीतर ती राहून जाईल.

गेल्या सोमवारी मी बाहेर बसले. ऑपरेशननंतरची पहिलीच वेळ. सवयीनं वाकळ घेतली, कोपरा हाताशी ठेवला आणि कळांची वाट बघत भिंतीला टेकले. ऊन पायरीवर आलं. सासूबाई लांबून पाणी ठेवून गेल्या. ऊन अंगणात गेलं. मेंढरं सुटली, परत आली. कळ आली नाही. जावं तसं अंगावरून गेलं आणि पोट नदीसारखं शांत. दुसरा दिवसही तसाच. मी हात बेंबीखाली ठेवून बसले होते, आत कुणी आहे का हे दाराशी कान लावून ऐकावं तशी. सासूबाईंनी विचारलं, ‘‘लय दुखायलाय का गं?’’ मी म्हटलं, न्हाई. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, काहीच न्हाई. तेव्हा त्या तिथंच, शिवाशिव विसरून, माझ्याजवळ येऊन बसल्या. सगळ्या बायकांचे दिवस असे जातात आणि त्या पाणी भरतात, भांडतात, गाणी म्हणतात! मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कमलबाईंनी दोन महिने थांबायला सांगितलं आहे. मग देवाची मर्जी. राहीलच असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलेलं नाही, पण वाट मोकळी झाली आहे एवढं नक्की.

आता तो वण. सहा वर्षांपूर्वी माझं पाच महिन्यांचं पडलं तेव्हा मी वाड्यावर मायजवळच होते. तुला मावशीकडं ठेवलं होतं, म्हणून तू पाहिलं नाहीस. रक्त थांबत नव्हतं. परभणी दूर, गाडीची वाट चिखलात गेलेली. माय माझ्या बेंबीखाली मूठ रुतवून बसली. तिचा हात भरून आला तरी तिनं तो काढला नाही. रक्त थांबलं. कमलबाई म्हणतात, जिनं हे केलं तिनं तुला वाचवलं, डॉक्टरसुद्धा असंच दाबतात. पण मग मायनं, पुन्हा रक्त जाऊ नये आणि आत सडू नये म्हणून, व्यालेल्या मेंढीला करायची तेच केलं. सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरला, तेलाचे थेंब तुपात पाडले, त्यात कापसाचा बोळा भिजवून आत ठेवला. तीन दिवस. मी आग आग म्हणून ओरडत होते आणि ती माझे पाय मांडीवर घेऊन रडत होती, थोडी कळ काढ माझी माय, म्हणत होती. बिब्बा कातडीवर उततो, फोड आणतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आतही उततो, हे कुणाला सुचलं नाही. त्याचाच हा वण. कमलबाईंनी विचारलं, कुणी ठेवला? मी सांगितलं, होती एक दाई, आता नाही ती. ज्या हातांची मी घटकाभरापूर्वी एवढी थोरवी गायली होती, तेच हात मला त्यांच्यापासून लपवावे लागले.

आणि अजून एक आहे. ते खाटेवर पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं आणि मी उठून बसले. तू झालीस तेव्हा मायचं फार गेलं होतं. आजीनं तिलाही बिब्ब्याचाच बोळा ठेवला होता. माय ते अजून अभिमानानं सांगते, म्हणून तर ती शिकली. तुझ्यानंतर तिची कूस उजवली नाही. मुलगा हवा म्हणून तिनं किती उपास केले, आठवतं? आणि दर महिन्याला पोट धरून वाड्यामागं बसायची, आपण दोघी तिची नक्कल करून हसायचो, ते आठवतं? मला ते हसणं आता ऐकू येतं. मी ज्या टेबलावर गेले त्यावर तिलाही कुणी वीस वर्षांपूर्वी नेलं असतं, तर आपल्याला भाऊ असता.

म्हणून हे पत्र. तू तिच्याकडं जाते आहेस. जा. तुझं बाळ तिच्याच हातांनी येऊ दे, तसे हात परभणी तालुक्यात नाहीत. पण बाळंत झाल्यावर ती तुझ्यासाठी बिब्बा काढील, आणि तो तू ठेवून घ्यायचा नाहीस. उकळलेल्या पाण्यात धुतलेलं स्वच्छ फडकं, बास. फार जायला लागलं तर मायनं मूठ दाबून ठेवावी आणि गावातल्या कुणीतरी बैलगाडी जुंपून तुला थेट कमलबाईंकडं न्यावं. आता तू म्हणशील, मायला सांगायचं काय? नुसतं ‘ठेवू नको’ सांगितलं तर ती ऐकणार नाही, डॉक्टरचं नाव काढलं तर मुळीच नाही. आणि खरं सांगितलं, तर ती ऐकेल, पण त्यानंतर ती कुठल्याच बाईला, कुठल्याच मेंढीला हात लावणार नाही. स्वतःचे हात बघत बसेल. ते मला नको आहे. म्हणून काल शनिवारी मी इथल्या नरसिंहापुढं नवस बोलून आले. माझं लेकरू मायच्या मांडीवर खेळेपर्यंत तिनं बिब्ब्याला शिवायचं नाही, बाईसाठी नाही, मेंढीच्या चिघळलेल्या खुरासाठीही नाही. गेल्या गेल्या तिला हे सांग, आणि घरातले बिब्बे तिच्याच हातांनी दुधनेत सोडायला लाव. लेकीचा नवस ती मोडणार नाही, तू तिला ओळखतेस. खोटं बोलतेय असं तुला वाटायला नको, म्हणून मी तो खराच बोलले आहे. लेकरू झालं तर तेही तिच्याच हातांनी घ्यायचं, आणि ते तिच्या मांडीवर दिल्यावर सगळं सांगायचं की नाही, हे मी तेव्हा तिच्या तोंडाकडं बघून ठरवीन. नाही झालं, तर माझा नवस फिटणार नाही, आणि मायच्या हातून बिब्बा जन्मभर सुटेल. मी दोन्हींना तयार आहे.

पोचल्याबरोबर दोन ओळी लिही. ‘बिब्बे सोडले’ एवढंच लिहिलंस तरी मला पुरे.

तुझीच,
मनकर्णा अक्का